अंड्यांसाठी परसात बदकाची पिल्लं: पिल्लू आणण्यापासून पहिल्या अंड्यापर्यंत, कोल्हापूरकरांसाठी

कोंबडीचं काहीही विचारा, कोल्हापुरात सांगणारं माणूस लगेच सापडतंय. बदकाचं विचारलं की मात्र "कोंबडीसारखंच की, खायला टाकायचं आणि सोडायचं" एवढंच उत्तर मिळतं, आणि त्याच सल्ल्यानं पहिल्या पंधरवड्यात पिल्लं मरतात. आमच्याकडं परसात बदकं आहेत, अंडी घरात खाऊन उरतात तेवढी मिळतात, आणि ओळखीचे लोक सारखे तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून हे एकदाच सगळं लिहून काढते.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. बदकाला पाणी लागतं पण बदकाच्या पिल्लाला ओल सोसत नाही. प्यायला आणि नाक-डोळे धुवायला पाणी भरपूर पाहिजे, आणि त्याच वेळी पोट, पाय, बसायची जागा कोरडी पाहिजे. खाली जे काही सांगितलंय त्यातलं निम्मं ह्या एकाच गोष्टीसाठी आहे, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो त्यात तर हे जास्तच लागू होतं.

१. आधी ठरवा: कुठली जात, किती पिल्लं

अंड्यांसाठी पाळायची तर खाकी कॅम्पबेल घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी घरच्या वापरासाठी म्हणूनच ही जात तयार केली, आणि नीट सांभाळ असेल तर वर्षाला अडीचशे-तीनशेपर्यंत अंडी देते. परसात एवढी मिळतीलच असं धरून चालू नका, थोडी कमी धरा. दुसरी चांगली जात इंडियन रनर, उभी चालणारी, तीही अंड्याचीच. बाजारात जे पांढरं शुभ्र गुबगुबीत बदक दिसतंय ते बहुतेक व्हाइट पेकिन असतं, ते मटणासाठी झपाट्यानं वाढणारं, अंड्यांच्या आशेनं ते घेतलं तर खाद्यच जास्त जाईल. मस्कोव्ही अंडी कमी देते पण स्वतः बसून उबवते, तिचा उपयोग वेगळा.

एकटं पिल्लू कधीच आणू नका, दिवसभर ओरडत राहतं आणि खात नाही. घरच्यापुरतं पाहिजे तर सहा पिल्लं बरोबर. नर-मादी न ओळखता घेतली तर निम्मे नर निघणार हे धरूनच चला, म्हणजे तीनेक माद्या राहतील, आणि चार जणांच्या घराला तेवढ्या पुरतात. अंड्यासाठी नर लागतच नाही, नर लागतो तो फक्त उबवायची अंडी पाहिजे असली तर, सहा-सात माद्यांमागं एक.

आणि शेजाऱ्यांशी आधी बोला. मादीचा आवाज मोठा असतो, नराचा घोगरा आणि बारीक. पेठेत भिंतीला भिंत लागून घर असेल, परसात नुसती फरशी असेल आणि पाणी जायला मातीच नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे की बदकं घेऊ नका, कोंबड्या घ्या. बदकाची विष्ठा पातळ असते, ती मुरायला माती आणि झाडं पाहिजेत. केळी, अळू, नारळ असलेलं परस असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, बदकाचं घाण पाणी सगळं तिकडं ओतायचं.

२. महिना बघून आणा

जून-जुलैत पिल्लं आणू नका. त्या दिवसात हवेतच एवढी ओल असते की अंथरलेलं तूस सकाळी घातलं तर संध्याकाळी दमट, खाद्याला बुरशी, आणि वर लाईट जायची. जानेवारी संपता संपता किंवा फेब्रुवारीत आणली तर दिवसा ऊन असतं त्यामुळं बल्ब फक्त रात्री लागतो, आणि पावसाळा सुरू होईपर्यंत पिल्लं चार महिन्यांची होतात, अंगावर पूर्ण पिसं आलेली असतात. मग हाच पाऊस त्यांना पाहिजे असतो, गांडुळं, गोगलगाई, किडे सगळं फुकट मिळतं. दिवाळीनंतर आणली तरी चालतं, फक्त डिसेंबरातल्या थंडीत ऊब नीट द्यावी लागते.

३. पिल्लं यायच्या आधी घरात काय काय पाहिजे

पिल्लं आली आणि मग दुकानात पळालो असं नको. आदल्या दिवशी सगळं मांडून, बल्ब लावून, जागा गरम करून ठेवायची.

- मोठं खोकं किंवा लाकडी पेटी, साधारण दोन बाय तीन फूट, वर जाळी. आठवड्या-दोन आठवड्यांत ही जागा दुप्पट करावी लागते ते लक्षात ठेवा.
- साठ वॅटचा जुना पिवळा काचेचा बल्ब, होल्डर, आणि टांगायला साखळी किंवा तार. एलईडी बल्ब चालत नाही, उजेड पडतो पण ऊब येत नाही, आणि आता बऱ्याच दुकानात एलईडीच मिळतात म्हणून हे आधी शोधून ठेवा. मोठा लाल इन्फ्रारेड बल्ब सहा पिल्लांना जास्त होतो आणि तूस पेटायची भीती असते.
- साधा थर्मामीटर, भिंतीवरचा.
- भाताचं तूस, एक पोतं. राईस मिलमध्ये मिळतंय.
- गोणपाटाचे दोन-चार तुकडे, धुऊन वाळवलेले.
- पाच लिटरचा तेलाचा प्लॅस्टिकचा कॅन, एक जुनं घमेलं आणि घमेल्यावर बसेल एवढी बारीक वेल्डमेशची, म्हणजे जोड वितळवून पक्के केलेल्या तारेची, जाळी. हे कशाला ते पुढं पाण्याच्या भागात सांगते.
- खाद्याची पसरट थाळी, कडा बुटकी.
- ब्रूअर्स यीस्ट किंवा पक्ष्यांसाठीचं बी-कॉम्प्लेक्सचं औषध. जनावरांच्या मेडिकलमध्ये मिळतं.
- झाकणाचा डबा खाद्य ठेवायला. पोत्यात ठेवू नका.

कागदपत्रांचं म्हणाल तर घरापुरत्या चार-सहा बदकांना फारसं काही लागत नाही. पण दोन कागद जपून ठेवा: पिल्लं जिथून घेतली तिथली पावती, आणि लस दिल्याची नोंद असलेलं कार्ड किंवा चिठ्ठी, तारखेसकट. उद्या काही रोग आला की डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात. शहरात राहत असाल तर महापालिकेत आणि गावात ग्रामपंचायतीत एकदा विचारून घ्या, म्हणजे नंतर कुणी तक्रार केली तरी आपण मोकळे.

४. पिल्लं कुठून आणायची

आठवडी बाजारात बुट्टीत पिल्लं विकायला बसलेले दिसतात. त्यातली कधी अंड्यातून निघाली, जात कुठली, काही सांगता येत नाही, आणि रंगवलेली पिल्लं असली तर हातसुद्धा लावू नका. सरकारी म्हणाल तर बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथं बदकांचंही काम चालतं, हायवेनं सरळ रस्ता आहे. केरळात कुट्टनाड भागात बदकपालन पिढ्यानपिढ्या चालतं, तिकडून पिल्लं मागवणारे लोकही आहेत. एकट्यानं सहा पिल्लांसाठी कुणी गाडी पाठवणार नाही, म्हणून चार-पाच घरं मिळून मागवा. आधी फोन करून नाव नोंदवावं लागतं, पिल्लं तयार असतीलच असं नसतं. माहितीसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि आपल्या जिल्ह्यातली तळसंदे, कणेरी इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथं जाऊन बोलायला लाजू नका.

अंड्यातून निघाल्यावर पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन दिवस तग धरतं, म्हणून एका दिवसाचं पिल्लू प्रवासात टिकतं. घरी आलं की मात्र आधी पाणी, मग खाणं. प्रत्येकाची चोच एकेकदा पाण्यात बुडवून दाखवायची, एक प्यायला लागलं की बाकीची बघून शिकतात.

घेताना बघा: डोळे टपोरे, बेंबी सुकलेली, पाय सरळ, उताणं केलं की लगेच पलटतंय. पाय फाकलेलं पिल्लू स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

५. पहिले चार आठवडे: ऊब

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला साधारण ३२ अंश, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी, चौथ्या आठवड्यापर्यंत बाहेरच्या हवेइतकं. थर्मामीटर ठेवा, पण खरं बघायचं ते पिल्लांकडं. सगळी बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर गार लागतंय, बल्ब खाली घ्या. कोपऱ्यात पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असली तर गरम होतंय. मोकळी पसरून झोपली असली तर बरोबर आहे, काही हात लावू नका. बल्ब नेहमी एका बाजूला टांगायचा, मधोमध नाही, म्हणजे पिल्लाला गरम झालं तर सरकायला गार बाजू मिळते. मार्चमध्ये दुपारी आपल्याकडं पारा पस्तीसच्या आसपास जातो, तेव्हा दिवसा बल्ब बंदच पाहिजे, कितीतरी लोक आठवडा पहिला म्हणून भर उन्हात बल्ब चालू ठेवतात आणि पिल्लं उष्म्यानं जातात.

रात्री लाईट गेली तर? प्लॅस्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि वर गोणपाट टाका, हवा जायला फट ठेवून. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, धुरानं पिल्लं तर जातीलच, घरातल्या माणसालाही धोका आहे.

खाली नुसता वर्तमानपत्राचा कागद घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि ते पाय कायमचे फाकतात, मग ते पिल्लू बरं होणं अवघड. तूस दोन-तीन इंच घाला आणि पहिले तीन-चार दिवस त्यावर गोणपाट, कारण नवीन पिल्लांना खाद्य कुठलं आणि तूस कुठलं कळत नाही, तूसच खात बसतात. लाकडाचा बारीक भुसा ह्याच कारणानं नको. ओला झालेला भाग रोज काढायचा, रोज म्हणजे रोज.

६. पाणी, ज्यावर सगळं अवलंबून आहे

कोंबडीच्या पिल्लांचं उथळ भांडं बदकाला उपयोगाचं नाही. बदक खाताना मध्येमध्ये पाणी पितं, तसं नाही मिळालं तर खाद्य घशात अडकतं. शिवाय नाकपुड्यांत खाद्य भरतं, ते धुवायला सगळी चोच नाकपुड्यांपर्यंत बुडाली पाहिजे, नाहीतर नाक बंद होतं आणि डोळे चिकटतात. म्हणजे पाणी दोन-तीन इंच खोल पाहिजे. आणि एवढं खोल उघडं भांडं ठेवलं की पिल्लू त्यात जाऊन बसतं, भिजतं, गारठतं, मरतं. आईजवळ वाढणाऱ्या पिल्लाच्या अंगाला आईच्या पिसांचं तेल लागतं, आपल्या खोक्यातल्या पिल्लाला ते मिळत नाही आणि त्याची स्वतःची तेलाची ग्रंथी अजून पुरती चालू झालेली नसते. मऊ लव पाणी शोषून घेते.

ह्याच्यावर उपाय तो तेलाचा कॅन. चांगला साबणानं धुऊन घ्या, झाकण लावून उभा ठेवा, आणि बाजूला पिल्लाचं डोकं-मान जाईल पण अंग जाणार नाही एवढं भोक कापा, दोन-तीन बाजूंना. कडा मेणबत्तीवर धरून गुळगुळीत करा नाहीतर मान कापेल. भोकाची खालची कड तळापासून अडीच-तीन इंचावर, म्हणजे पाणी तेवढंच राहतं. आता घमेलं घ्या, त्यावर जाळी बसवा आणि जाळीवर हा कॅन ठेवा. पिल्लं जितकं पाणी उडवतात, आणि ती खूप उडवतात, ते सगळं जाळीतून घमेल्यात पडतं, तूस कोरडं राहतं. घमेलं दिवसातून दोनदा केळीच्या बुंध्यात ओता. खोक्याची उंची कमी पडली तर जाळीवर चढायला गोणपाट गुंडाळलेली एक फळी लावा. पिल्लं मोठी होतील तशी भोकं मोठी करत जायची किंवा नवा कॅन कापायचा.

आणखी एक नियम. खाणं आहे तिथं पाणी असलंच पाहिजे. पाणी काढलं तर खाणंही काढा. पाणी दिवसातून तीनदा तरी बदला, बदक ते पाच मिनिटांत गढूळ करतं पण ते चालतंय, आंबट वास यायला लागला की नाही चालत.

७. खाणं: इथं दोन सापळे आहेत

पहिला सापळा नायासिनचा. बदकाच्या पिल्लाला नायासिन, म्हणजे एक बी-जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा दुपटीच्या आसपास लागतं. आपल्याकडं दुकानात मिळतं ते सगळं खाद्य कोंबडीसाठी बनवलेलं असतं, बदकाचं वेगळं खाद्य मिळत नाही. त्यामुळं दोन-तीन आठवड्यांची झाली की पिल्लं लंगडायला लागतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, गुडघ्यावर बसून सरकतात, आणि लोक समजतात की पायाला लागलं. सुरुवातीपासूनच किलोभर खाद्यात दोन-तीन टेबलचमचे ब्रूअर्स यीस्ट मिसळा, पाव फुगवायचं यीस्ट नव्हे, किंवा पाण्यात बी-कॉम्प्लेक्स, बाटलीवर लिहिलेल्या मापानं. लवकर दिलं तर फरक लगेच दिसतो, पाय पुरते वाकल्यावर दिलं तर तेवढा उपयोग नाही.

दुसरा सापळा बुरशीचा, आणि कोल्हापुरात हा मोठा आहे, कारण आपल्याकडं घाण्याची शेंगदाणा पेंड आणि मका सहज मिळतो आणि पावसाळ्यात दोन्हीला बुरशी धरते. ह्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृतावर जातं, आणि पाळीव पक्ष्यांमध्ये बदकाचं पिल्लू ह्या विषाला सगळ्यात नाजूक. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या बुरसटलेल्या पेंडीनं लाखभर टर्की पक्षी मेले, बदकाची पिल्लंही मेली, आणि त्याच्या तपासातूनच हे विष जगाला कळलं. ज्या पेंडीनं गाय-म्हशीला काही झालेलं दिसत नाही तीच पेंड पिल्लांना मारू शकते. म्हणून पिल्लांना शेंगपेंड देऊच नका असं मी सांगेन, सोयापेंड चालते. मका हातात घेऊन वास घ्या, कुबट आला, दाण्याच्या टोकाला हिरवट-काळं दिसलं, तर तो अख्खा मका बाजूला. धुऊन, भाजून, उन्हात घालून हे विष जात नाही. खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणायचं, डबाबंद ठेवायचं, डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायचा.

आता रोजचं. पहिले तीन आठवडे २० ते २२ टक्के प्रथिनांचं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, बारीक दाण्याचं, थोडं पाणी शिंपडून भिजवलेलं, कारण कोरडं पीठ बदकाला गिळता येत नाही. भिजवलेलं दोन-तीन तासांत संपेल एवढंच द्या, उरलेलं आंबतं. ब्रॉयलरचं खाद्य घेणार असाल तर त्यात कॉक्सीची (कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगाची) औषधं घातलीत का ते पिशवीवर बघा, बदक अंगाच्या मानानं जास्त खातं त्यामुळं औषधही जास्त जातं, औषध नसलेलंच मागा. तीन आठवड्यांनंतर १६ ते १८ टक्क्यांवर या. जास्त प्रथिनांचं खाद्य लांबवलं तर पंखाचं टोक बाहेर वळून तसंच राहतं.

पालक, मेथी घास, कोथिंबीर बारीक चिरून पाण्यावर तरंगत सोडा, पिल्लं आनंदानं खातात. हिरवं द्यायला लागला की चिमूटभर जाडसर वाळूही द्या, दात नाहीत त्यांना, पोटात दळायला ती लागते. ॲझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं शेवाळासारखं हिरवं, घरच्या घरी टबात वाढतो, तो तर उत्तमच. पाव, फरसाण, खारवलेली सुकट नको. शिळा भात मोठ्या बदकांना थोडा चालतो, पिल्लांना पोटभर देऊ नका.

हिशेब किती? खाकी कॅम्पबेलला वीस आठवड्यांपर्यंत एका पक्ष्यामागं साधारण साडेबारा किलो खाद्य लागतं, म्हणजे सहाला पंच्याहत्तर किलो. त्यानंतर रोज १२० ते १५० ग्रॅम, बाहेर किडे-पाला किती मिळतो त्यावर कमी-जास्त. हे पैसे आधी बाजूला काढा, अंडी सुरू व्हायच्या आधी पाच महिने नुसता खर्चच असतो.

८. पोहायला कधी सोडायचं

चौथ्या आठवड्यानंतर, उन्हात, उथळ टबात, दहा-पंधरा मिनिटं, समोर उभं राहून. टबात बाहेर यायला विटांची पायरी पाहिजेच, बदकंही बुडतात. पोहून झालं की अंग सुकेपर्यंत उन्हात ठेवा. पूर्ण पिसं आली, म्हणजे सात-आठ आठवडे झाले, की मग हवं तेवढं पाणी.

मोठ्या बदकांनाही तळं लागतंच असं नाही, डोकं बुडेल एवढी सिमेंटची टाकी पुरते. रंकाळ्यात किंवा ओढ्यात सोडायचा विचार करू नका. साचलेल्या, कुजलेल्या पाण्यातून विषबाधा होऊन बदकांची मान लुळी पडते, आणि कुत्र्यांचं वेगळंच.

९. कायमचं घर

रात्रीच्या बंद जागेत एका बदकाला चार चौरस फूट, म्हणजे सहाला सहा बाय चार. दिवसा फिरायला ह्याच्या तिप्पट तरी. बदक वर चढून बसत नाही त्यामुळं काठ्या-फळ्या लागत नाहीत, उंचीही फार नको, पण वरच्या बाजूला हवा खेळती पाहिजे. जमीन परसापेक्षा फूटभर उंच करून घ्या, पावसाचं पाणी आत आलं तर सगळं वाया. खाली वाळलेलं पाचट कापून घातलं तर उत्तम, आपल्याकडं त्याला काय तोटा, फक्त ते बुरशी आलेलं नको.

साध्या षटकोनी कोंबडी-जाळीवर विसंबू नका. मुंगूस, घूस, मांजर ती सहज वाकवतात. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणि ती जमिनीत अर्धा फूट गाडलेली. लहान असताना वरून घार-कावळ्यांपासूनही जाळी पाहिजे. रात्री पूर्ण अंधारात बदकं दचकून एकमेकांना तुडवतात, एक छोटा दिवा असू द्या. बदकाला पायाला धरून कधी उचलू नका, पाय नाजूक असतात, दोन्ही हातांनी पंख मिटवून छातीखालून उचला.

पंचगंगेच्या काठच्या गावांत असाल, आंबेवाडी, चिखली, शिरोलीच्या बाजूला, तर २०१९ आणि २०२१ चे पूर विसरू नका. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी असते, आपण इशारा पातळीच्या आधीच बदकं हलवायची. झाकणाची दोन प्लॅस्टिकची क्रेट आणि आठ दिवसांचं खाद्य जूनमध्येच बाजूला काढून ठेवा, आणि कुणाच्या घरी न्यायची तेही ठरवून ठेवा. पोहता येतं म्हणून पुरात सोडून देऊ नका, वाहून जातात.

शेतात सोडताय? आजूबाजूच्या उसात-भातात काय फवारलंय ते विचारल्याशिवाय नको. दाणेदार कीटकनाशकं बदक धान्य समजून टिपतं आणि तिथंच मरतं. उंदराचं औषध, गोगलगाईचं औषध, हेही तसंच.

१०. लस आणि आजार

कोंबडीपेक्षा बदक काटक आहे, पण डक प्लेग, म्हणजे बदकांचा विषाणूचा रोग, आला तर सगळी जातात. त्याची लस आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान द्यायची. दवाखान्यात कोंबडीच्या लसी असतात, बदकाची असेलच असं नाही, म्हणून पिल्लं आणली त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगून ठेवा, मागवायला वेळ लागतो. बाटली एकदा तयार केली की काही तासांतच संपवावी लागते आणि त्यात डोस भरपूर असतात, तेव्हा पाळणाऱ्या चार घरांनी एकाच दिवशी टोचून घ्यायचं. बदकांच्या कॉलऱ्याची लसही त्याच वेळी विचारा.

हिरवट पातळ जुलाब, डोळ्यांतून पाणी, उजेड नकोसा होणं, उभं राहता न येणं, असं दिसलं की ते बदक वेगळं करा आणि १९६२ वर फोन करा, ती पशुवैद्यकीय हेल्पलाइन आहे. घरच्या घरी माणसांच्या गोळ्या देऊ नका.

बर्ड फ्लूचं मला फार वाटतं म्हणून लिहिते. देशात तो पहिल्यांदा २००६ मध्ये आपल्याच राज्यात नवापूरला आला. बदकं कधीकधी आजारी न दिसता हा विषाणू बाळगतात आणि कोंबड्यांना देतात. म्हणून बदकं आणि कोंबड्या एका खुराड्यात नको, रानबदकं उतरतात त्या पाण्यावर आपली बदकं नको, आणि एकदम दोन-चार पक्षी मेले तर गुपचूप पुरू नका, दवाखान्यात कळवा.

११. नर कुठला, मादी कुठली

सहाव्या-सातव्या आठवड्यापासून आवाज फुटतो. जी मोठ्यानं, स्पष्ट ओरडते ती मादी. नराचा आवाज बसल्यासारखा घोगरा. तीन-चार महिन्यांत नराच्या शेपटीवर वर वळलेली एक-दोन पिसं येतात, मग शंकाच नको. जादा नर ठेवू नका, ते माद्यांच्या मानेची पिसं उपटतात आणि माद्या अंड्यावर येत नाहीत.

१२. अंडी

साडेचार-पाच महिन्यांत सुरुवात होते. त्याच्या पंधरा दिवस आधी हळूहळू लेयर खाद्यावर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यावर, या आणि वेगळ्या वाटीत शिंपल्याचा चुरा ठेवा, नर आणि लहान पिल्लं ह्यांना हा चुरा नको. पहिली अंडी लहान, कधी मऊ कवचाची, कधी दोन बलकांची निघतात, घाबरू नका.

बदक बहुतेक अंडी पहाटे घालतं, सकाळी नऊच्या आत. म्हणून नऊपर्यंत दार उघडू नका, नाहीतर अंडी केळीच्या बुंध्यात, गवतात, टाकीतसुद्धा सापडतील. कोपऱ्यात फूट बाय फूटभर, दीड फूट खोल खोकी ठेवा, तीन माद्यांमागं एक, आत भरपूर पाचट, आणि ते कोरडं. चिखलातलं अंडं जास्त दिवस टिकत नाही. डिसेंबरात दिवस अकरा तासांचा होतो आणि अंडी कमी येतात, तेव्हा पहाटे दिवा लावून उजेड चौदा तासांपर्यंत नेला तर फरक पडतो. जागा बदलली, खाद्य एकदम बदललं, कुत्र्यानं पाठलाग केला, तरी अंडी थांबतात, आठ-दहा दिवस वाट बघा. पिसं गळायच्या दिवसांतही थांबतात. कोंबडीपेक्षा बदक जास्त दिवस देतं, दुसऱ्या वर्षीही चांगली अंडी मिळतात.

अंडं सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतं, बलक मोठा आणि घट्ट, कालवणाला आणि केकला फार चांगलं. अर्धकच्चं खाऊ नका, कवच ओलसर जागेत पडलेलं असतं त्यामुळं साल्मोनेला नावाच्या जंतूचा धोका असतो, उकडायचं तर पूर्ण दहा-बारा मिनिटं. साठवताना धुऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा, वापरायच्या वेळी धुवा. विकायची असली तर गिऱ्हाईकालाही हे सांगा, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला दोनच द्या, सगळ्यांना ती चव आवडतेच असं नाही.

घरचीच पिल्लं काढायची असतील तर खाकी कॅम्पबेल अंड्यावर बसत नाही, त्यासाठी खुडूक गावठी कोंबडी लागते. बदकाच्या अंड्याला २८ दिवस लागतात आणि कोंबडीला सवय २१ ची, म्हणून शेवटच्या आठवड्यात ती उठून जात नाही ना बघा, दाणा-पाणी तिच्या जवळच ठेवा, आणि त्या आठवड्यात अंड्यांवर रोज थोडं कोमट पाणी शिंपडा. अंडी मोठी असतात, तिच्या पंखाखाली मावतील तेवढीच ठेवायची, सात-आठ पुष्कळ झाली.